म्यानमार ऊर्फ ब्रह्मदेश : विद्यार्थी नेहमी विचारतात ते प्रश्न

रत्नागिरीचा थिबा पॅलेस बघायला शाळेची सहल आली की एखादा तरी मुलगा विचारतोच, "राजा इथला नव्हता, तर इथे राहायला का आला?" थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा राजा. माझ्या मते म्यानमारची ओळख करून घ्यायला यापेक्षा चांगला प्रश्न नाही. चीन आणि पाकिस्तानबद्दल आपल्याला रोज काहीतरी कानावर येतं. पण ज्या शेजाऱ्याशी आपली सोळाशे किलोमीटरहून लांब सीमा आहे, त्याच्याबद्दल पाठ्यपुस्तकात जेमतेम दोन-चार ओळी असतात. म्हणून ही प्रश्नोत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

ब्रह्मदेश, बर्मा आणि म्यानमार हे एकच का? उत्तरपत्रिकेत कुठलं नाव लिहू?

देश एकच. ब्रह्मदेश हा मराठीतला जुना शब्द, आजी-आजोबा अजून तोच वापरतात. बर्मा हे नाव इंग्रजांनी रूढ केलं. १९८९ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने इंग्रजीतलं अधिकृत नाव बदलून म्यानमार केलं आणि रंगूनचं यांगून झालं. गंमत म्हणजे त्यांच्या भाषेत दोन्ही रूपं मूळचीच आहेत. 'म्यान्मा' लिहिण्यातलं, 'बमा' बोलण्यातलं. तरीही लोकशाहीवादी मंडळींपैकी अनेकांनी बरीच वर्षं म्यानमार म्हणायचं टाळलं, कारण लोकांना न विचारता लष्कराने नाव बदलणं त्यांना मान्य नव्हतं. उत्तरपत्रिकेत म्यानमार लिहा. १९४८ च्या आधीचा इतिहास लिहिताना ब्रह्मदेश लिहिलंत तरी चूक नाही.

हा देश नेमका कुठे आहे आणि केवढा आहे?

आपल्या ईशान्येला अरुणाचल प्रदेश, नागालँड, मणिपूर आणि मिझोराम या चार राज्यांना लागून. भारताबरोबरची सीमा १,६४३ किलोमीटर आहे. बाकीचे शेजारी बांगलादेश, चीन, लाओस आणि थायलंड. दक्षिणेला आणि पश्चिमेला अंदमान समुद्र आणि बंगालचा उपसागर. आपल्या अंदमानच्या उत्तर टोकाजवळची कोको बेटं म्यानमारची आहेत, हे नकाशात जरूर शोधा.

क्षेत्रफळ सुमारे ६ लाख ७६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. लोकसंख्या मात्र साडेपाच कोटींच्या आसपास, महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. तिथलं घड्याळ आपल्यापुढे बरोबर एक तास असतं.

राजधानी यांगून की नेपिडो?

नेपिडो. २००५ च्या नोव्हेंबरात सरकारी कचेऱ्या यांगूनहून हलवून सुमारे ३२० किलोमीटर उत्तरेला नव्याने वसवलेल्या या शहरात नेण्यात आल्या. संसदेसमोरचा रस्ता वीस पदरी आहे आणि त्यावर गाड्या तुरळक दिसतात. सगळ्यात मोठं शहर, बंदर आणि व्यापाराचं केंद्र आजही यांगूनच. दुसरं मोठं शहर मंडाले.

भूगोल लक्षात कसा ठेवायचा?

आपला सह्याद्री डोळ्यांसमोर आणा. नैऋत्य मोसमी वारे कोकणात धो धो पाऊस पाडतात आणि घाट ओलांडून देशावर येईपर्यंत कोरडे होतात. म्यानमारमध्ये हेच काम राखाईन योमा ही डोंगररांग करते. तिच्या पश्चिमेच्या किनाऱ्यावर वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. डोंगर ओलांडून मध्य भागात, मंडाले-बगानच्या पट्ट्यात गेलात तर तो १,००० मिलिमीटरच्याही खाली येतो, काही ठिकाणी सहाशे-सातशेवर. पर्जन्यछायेचा प्रदेश! तिथे भाताबरोबर तीळ, भुईमूग, कडधान्यं आणि ताडाची झाडं दिसतात. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तो मुलूख फारसा परका वाटणार नाही.

देशाची जीवनवाहिनी म्हणजे इरावती, लांबी सुमारे २,१७० किलोमीटर. तिचं नाव तर आपल्याही ओळखीचं. उत्तरेच्या काचिन डोंगरांत उगम पावते, वाटेत चिंदविन नदीला पोटात घेते आणि शेवटी भाताच्या खाचरांनी भरलेल्या विशाल त्रिभुज प्रदेशातून समुद्राला मिळते. पूर्वेकडे सालवीन. उत्तर टोकाला खाकाबो राझी हे ५,८८१ मीटर उंचीचं शिखर आहे, ते आग्नेय आशियातलं सर्वोच्च मानलं जातं. म्हणजे एकाच देशात बर्फ आणि नारळ दोन्ही.

तिथे कोणकोण राहतात?

बहुसंख्य बमार. ते मुख्यतः इरावतीच्या खोऱ्यात राहतात. भोवतीच्या डोंगरांत आणि किनाऱ्यांवर शान, कायिन (यांनाच करेन म्हणतात), काचिन, चिन, कायाह, मोन, राखाईन. सरकारी यादीत एकूण १३५ वांशिक गट आहेत. देशाचे सात प्रांत आणि सात राज्यं आहेत. ढोबळ मानाने प्रांतांत बमार बहुसंख्य आणि राज्यांना अल्पसंख्य समाजांची नावं, असा हिशेब.

ही रचना नीट समजून घ्या. मध्यभागी एक मोठा समाज, कडेने डोंगरात अनेक छोटे, आणि त्यांच्यात सत्तेच्या वाटणीचा न सुटलेला प्रश्न. तिथला आजचा संघर्ष इथूनच सुरू होतो.

बर्मी भाषा फार अवघड आहे का?

अक्षरं बघून मुलं घाबरतात, सगळी गोल गोल, जणू कोणी बांगड्या मांडून ठेवल्यात. पूर्वी ताडपत्रावर लिहीत. सरळ रेघ ओढली तर पान फाटायचं, म्हणून अक्षरांना गोलाई आली असं सांगतात. पण कोणी बर्मी मूळाक्षरं म्हणून दाखवली की मराठी मुलाचे कान टवकारतात, कारण सुरुवात होते क, ख, ग, घ, ङ अशी! ही लिपीही ब्राह्मीच्याच घराण्यातली आहे. व्यंजनं ३३. वाक्यात क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच.

आणि आपल्याला जे ङ कधी शब्दाच्या सुरुवातीला सापडत नाही, ते तिथे बिनदिक्कत पहिल्या जागी येतं. 'ङा' म्हणजे मासा. 'ङा' म्हणजे पाच. तोच 'ङा' वेगळ्या सुरात, खालच्या पट्टीत म्हटला की 'मी'. भाषेची खरी कसोटी हे सूर आहेत, लिपी त्यामानाने सोपी.

भेटल्यावर 'मिंगलाबा' म्हणतात. या शब्दात आपलं 'मंगल' आहे, पालीतून गेलेलं.

त्यांना आडनाव नसतं हे खरं का?

हो. नवऱ्याचं, बायकोचं, मुलांचं नाव एकमेकांशी जुळेलच असं नाही. नावाआधी जे लागतं ते नात्याचं संबोधन. 'ऊ' म्हणजे काका किंवा मामा, 'डॉ' म्हणजे मावशी किंवा आत्या, 'को' म्हणजे दादा, 'मा' म्हणजे ताई. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले पहिले आशियाई ऊ थांट (१९६१ ते १९७१) यांचं खरं नाव नुसतं 'थांट'. 'ऊ' हा आदर.

नाव ठेवताना जन्मवार बघण्याची पद्धत आहे, आणि ती बघून मला आपल्याकडच्या राशीच्या अक्षराची आठवण होते. सोमवारी जन्मलेल्याला क-वर्गातलं अक्षर, मंगळवारी च-वर्गातलं, गुरुवारी प-वर्गातलं, शनिवारी त-वर्गातलं, रविवारी स्वर. प्रत्येक वाराला एक प्राणी असतो. सोमवारचा वाघ, मंगळवारचा सिंह, गुरुवारचा उंदीर, शनिवारचा नाग. बुधवारचे मात्र दोन भाग पडतात. सकाळी जन्मलात तर सुळेवाला हत्ती, दुपारनंतर बिनसुळ्यांचा. यांगूनच्या श्वेडगोन पॅगोडात प्रत्येक वाराचा एक कोपरा असतो. तिथे आपल्या जन्मवाराच्या ठिकाणच्या बुद्धमूर्तीवर लोक वाटी-वाटीने पाणी घालतात, अगदी शांतपणे.

धर्म कोणता?

२०१४ च्या जनगणनेनुसार सुमारे ८८ टक्के लोक बौद्ध, थेरवाद परंपरेचे. त्याशिवाय ख्रिश्चन (काचिन, चिन, करेन समाजांत बरेच), मुस्लिम आणि हिंदूही आहेत. बौद्ध धर्माच्या जोडीने 'नात' नावाच्या ३७ लोकदेवतांची पूजा चालते. त्यांतले बहुतेक अकाली, अन्यायाने मेलेल्या माणसांचे आत्मे मानले जातात. माउंट पोपा हे त्यांचं मोठं ठाणं.

मुलग्यांचा 'शिनब्यू' विधी आपल्या मुंजीशी ताडून बघण्यासारखा आहे. मुलाला राजपुत्रासारखं नटवतात, घोड्यावर किंवा खांद्यावर बसवून मिरवतात, आणि मग मुंडन करून, भरजरी कपडे उतरवून चीवर नेसवतात. सिद्धार्थाने राजवाडा सोडला त्या प्रसंगाची ही आठवण. मुलगा काही दिवस किंवा काही आठवडे विहारात भिक्षूंसारखा राहतो आणि सकाळी भिक्षापात्र घेऊन दारोदार जातो. केस खाली पडताना आई-बाप पांढरं कापड धरून ते झेलतात.

बगानची देवळं इतकी प्रसिद्ध का?

कारण मैलोन्‌मैल पसरलेल्या माळरानावर आजही विटांची दोन हजारांहून जास्त देवळं आणि स्तूप उभे आहेत. अनोरथा राजा १०४४ मध्ये गादीवर आला, त्याने मध्य ब्रह्मदेश एक केला आणि थेरवाद पंथाला राजाश्रय दिला. पुढची अडीचशे वर्षं राजे, सरदार, व्यापारी सगळे पुण्य म्हणून बांधत राहिले. तेराव्या शतकाच्या अखेरीस मंगोल स्वाऱ्यांच्या काळात राज्य मोडलं. २०१९ मध्ये बगानला जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. त्याहून जुन्या प्यू लोकांच्या नगरांना ती २०१४ मध्येच मिळाली होती.

थिबा राजा रत्नागिरीला कसा पोचला?

इंग्रजांनी ब्रह्मदेश तीन घासांत गिळला. पहिलं युद्ध १८२४ ते १८२६, त्यात आराकान (आजचं राखाईन) आणि तेनासरीम (दक्षिणेची किनारपट्टी) गेले. १८५२ च्या दुसऱ्या युद्धात रंगूनसकट सगळा खालचा ब्रह्मदेश गेला. उरलेल्या राज्याचा राजा मिंडोन शहाणा होता. त्याने १८५७ मध्ये मंडाले वसवलं आणि बुद्धवचनं संगमरवराच्या ७२९ शिळांवर कोरून घेतली. १८७८ मध्ये त्याचा मुलगा थिबा गादीवर बसला, वय अवघं एकोणीस-वीस.

तिसऱ्या युद्धाचं निमित्त सागवानाचं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी (नावातलं बॉम्बे म्हणजे आपली मुंबईच) राजाच्या जंगलातून लाकूड नेत होती. मोजणीपेक्षा जास्त ओंडके नेले असा आरोप ठेवून दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. फ्रेंचांशी थिबाची जवळीक वाढते आहे ही धास्ती इंग्रजांना होतीच. १८८५ च्या नोव्हेंबरात आगबोटींचा ताफा इरावतीतून वर गेला आणि दोन आठवड्यांत मंडाले पडलं. २९ नोव्हेंबरला राजा, राणी सुपयालत आणि परिवाराला साध्या बैलगाड्यांतून नदीकाठी नेऊन बोटीत चढवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं रडत होती.

आधी मद्रास, मग १८८६ च्या एप्रिलपासून रत्नागिरी. जागा मुद्दाम निवडलेली. तेव्हा तिथे रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात बोटीही बंद. जवळजवळ पंचवीस वर्षं राजा बंगल्यांत राहिला. आज आपण बघतो तो उतरत्या छपरांचा, कोरीव लाकडी खिडक्यांचा राजवाडा १९१० मध्ये तयार झाला. त्यात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. रत्नागिरीच्या बाहेर पाऊल टाकायला परवानगी लागे. मायदेश त्याला पुन्हा दिसला नाही. राणी १९१९ मध्ये परत गेली, पण मंडालेला नाही, रंगूनला.

थोरल्या राजकन्येची मुलगी मात्र रत्नागिरीतच वाढली, तिथल्याच माणसाशी लग्न करून मराठी संसार केला, आणि मंडालेच्या राजाची ती नात अखेरपर्यंत मराठीच बोलली.

राजाची समाधी रत्नागिरीत आहे. राजवाडा बघून परत फिरणारे बरेच जण तिथे जात नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

लोकमान्य टिळकांना मंडालेलाच का नेलं?

कारण १८८६ पासून ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानातच धरला जात होता, आणि नको असलेला माणूस लांब ठेवायला तो इंग्रजांना सोयीचा होता. त्याआधी १८५७ नंतर बादशाह बहादूरशाह जफरलाही रंगूनला नेलं होतंच, १८६२ मध्ये तो तिथेच वारला. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ते जन्माने रत्नागिरीचे. रत्नागिरीचा माणूस मंडालेच्या तुरुंगात आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत नजरकैदेत, असं १९०८ ते १९१४ या काळात एकाच वेळी चालू होतं!

मंडालेचा उन्हाळा भयंकर, आणि कोठडी लाकडी फळ्यांची, ना ऊन अडायचं ना गारठा. तिथे १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी पेन्सिलने 'गीतारहस्य' लिहून काढलं. १९१२ मध्ये पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या, ती बातमीही त्यांना तुरुंगातच कळली. जून १९१४ मध्ये सुटका झाली, पुढच्या वर्षी ग्रंथ छापला गेला. काही वर्षांनी सुभाषबाबूंनाही मंडालेतच ठेवलं होतं.

म्हणजे ब्रह्मदेश भारताचा भाग होता? मग तिथल्या भारतीयांचं काय झालं?

१ एप्रिल १९३७ ला तो प्रशासकीयदृष्ट्या वेगळा झाला. त्याआधी रंगूनला जायला पासपोर्ट लागत नसे. हमाल, कारकून, डॉक्टर, पोलिस, तमिळनाडूचे चेट्टियार सावकार असे लाखो लोक गेले. १९३१ मध्ये रंगूनची निम्म्याहून अधिक वस्ती भारतीय होती. स्थानिकांना त्याचा राग येणं स्वाभाविक होतं. मंदीच्या काळात भाताचे भाव कोसळले, कर्ज फिटेना, आणि त्रिभुज प्रदेशातल्या शेतजमिनी मोठ्या प्रमाणावर चेट्टियारांकडे गेल्या.

१९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं तेव्हा लाखो भारतीय डोंगर-जंगल तुडवत मणिपूर आणि आसामकडे चालत निघाले. उपासमार, मलेरिया आणि पटकीने हजारो वाटेतच गेले. राहिलेल्यांवर दुसरा घाव १९६० च्या दशकात बसला. लष्करी सरकारने दुकानं आणि धंदे ताब्यात घेतले आणि सुमारे ३ लाख भारतीय वंशाचे लोक हात हलवत परतले. चेन्नईत त्यांनी आणलेले बर्मी नूडल्स 'अथो' नावाने आजही गाड्यांवर मिळतात.

देश स्वतंत्र कधी झाला?

४ जानेवारी १९४८, पहाटे ४ वाजून २० मिनिटांनी. वेळ ज्योतिषांनी काढून दिली होती.

ज्याने हे स्वातंत्र्य घडवलं तो आँग सान मात्र ते बघायला नव्हता. विद्यार्थी चळवळीतून पुढे आलेला हा तरुण आधी जपान्यांच्या मदतीने इंग्रजांशी लढला, मग जपान्यांचा हेतू ओळखून १९४५ मध्ये त्यांच्यावर उलटला. फेब्रुवारी १९४७ मध्ये पांगलाँग गावी त्याने शान, काचिन आणि चिन नेत्यांशी करार केला, की स्वायत्तता राखून सगळे एका संघात राहू. पाच महिन्यांनी, १९ जुलैला, मंत्रिमंडळाच्या बैठकीत घुसून बंदूकधाऱ्यांनी त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. वय ३२. पांगलाँगचं वचन पाळायला तो राहिला नाही, आणि नंतरच्यांनी ते पाळलं नाही.

तिथे लष्कराचीच सत्ता का असते?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. एका वाक्यात उत्तर नाही, म्हणून टप्प्याटप्प्याने.

एक, स्वातंत्र्य मिळताच कम्युनिस्ट आणि करेन संघटनांनी बंड केलं. करेन संघर्ष १९४९ पासून चालू आहे, जगातल्या सर्वांत लांबलेल्या यादवींपैकी एक. सतत लढणाऱ्या सैन्याला वाटू लागलं की देश एकसंध आहे तो आपल्यामुळे. दोन, २ मार्च १९६२ ला जनरल ने विनने पंतप्रधान ऊ नू यांचं सरकार उलथलं, 'समाजवादाचा बर्मी मार्ग' जाहीर केला आणि देशाची दारं बंद करून घेतली. एके काळी जगात सर्वाधिक तांदूळ निर्यात करणारा देश गरीब देशांच्या यादीत जाऊन बसला.

त्या राजवटीचा एक प्रसंग सांगतो. सप्टेंबर १९८७ मध्ये २५, ३५ आणि ७५ च्याटच्या नोटा (च्याट हे तिथलं चलन) एका फटक्यात रद्द झाल्या, बदलून देण्याची सोयच नाही. नवीन आलेल्या नोटा ४५ आणि ९० च्या होत्या, कारण त्यांना नऊने भाग जातो आणि नऊ हा ने विनचा शुभ आकडा. गादीखाली, डब्यात साठवलेले पैसे कागद झाले. शिक्षणासाठी शहरात आलेल्या मुलांच्या हातात फी भरायला काही उरलं नाही. पुढच्या वर्षी ८-८-८८ या तारखेला देशभर उठाव झाला. गोळीबारात हजारो मेले असा अंदाज आहे.

तीन, २००८ ची राज्यघटना. संसदेतल्या २५ टक्के जागा निवडणुकीविना लष्कराला. घटना बदलायला ७५ टक्क्यांहून जास्त मतं हवीत. बेरीज करून बघा! लष्कराची संमती असल्याशिवाय घटनेतला महत्त्वाचा शब्दही हलत नाही. संरक्षण, गृह आणि सीमा ही खाती लष्कराकडेच, शिवाय त्याचे स्वतःचे उद्योगसमूह.

नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत आँग सान सू ची यांच्या पक्षाने दणदणीत विजय मिळवला. १ फेब्रुवारी २०२१ ला, नवी संसद भरणार त्याच सकाळी, जनरल मिन आँग लाइंग यांनी सत्ता ताब्यात घेतली. रात्री आठ वाजता लोक घराघरांतून ताटं-पातेली बडवू लागले. भुतं घालवायची ही जुनी पद्धत. डॉक्टर, शिक्षक, रेल्वे कामगार कामावर गेले नाहीत. गोळीबार सुरू झाल्यावर कॉलेजची मुलं जंगलात गेली आणि वांशिक संघटनांकडून बंदूक चालवायला शिकली. तेव्हापासूनच्या युद्धात ३० लाखांहून अधिक लोक घरं सोडून देशातच निर्वासित झाले आहेत. सीमेवरचे मोठे भाग लष्कराच्या हातात राहिलेले नाहीत. परिस्थिती झपाट्याने बदलते, तेव्हा प्रकल्प लिहिताना ताजी बातमी बघून घ्या.

आँग सान सू ची चांगल्या की वाईट?

आँग सान यांची मुलगी. वडील गेले तेव्हा दोन वर्षांची. १९८९ ते २०१० या काळात एकूण जवळजवळ पंधरा वर्षं नजरकैद, १९९१ चं शांततेचं नोबेल. मुलगे परदेशी नागरिक म्हणून घटनेने राष्ट्राध्यक्षपद नाकारलं, तरी २०१६ पासून 'राज्य सल्लागार' या पदावरून सरकार त्याच चालवत होत्या. त्यांचं धैर्य खरं आहे. आणि २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभं राहून रोहिंग्यांवरच्या अत्याचारांच्या खटल्यात त्यांनी देशाची बाजू मांडली, हेही खरं आहे. उत्तरात दोन्ही लिहा. एकच लिहिलंत तर अर्धा माणूस लिहिला.

रोहिंग्या कोण?

राखाईन राज्याच्या उत्तर भागातला मुस्लिम समाज. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांच्यातल्या बहुतेकांना नागरिक मानलं नाही. १३५ च्या यादीत त्यांचं नाव नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये एका सशस्त्र गटाने पोलिस चौक्यांवर हल्ले केले, त्यानंतर लष्कराने गावंच्या गावं जाळली आणि ७ लाखांहून जास्त माणसं नाफ नदी ओलांडून बांगलादेशात गेली. कॉक्स बाजारजवळच्या छावण्यांत ती बांबू-ताडपत्रीच्या झोपड्यांत राहतात. तिथे जन्मलेली मुलं कुठल्याच देशाची नाहीत.

२०२५ चा भूकंप इतका विनाशक का ठरला?

२८ मार्च २०२५, दुपारची वेळ, तीव्रता ७.७. देशाच्या मधोमध उत्तर-दक्षिण जाणाऱ्या सगाइंग प्रस्तरभंगावर, तोही जमिनीखाली उथळ, आणि जवळच मंडाले. साडेतीन हजारांहून जास्त मृत्यू. युद्धाने आरोग्यव्यवस्था आधीच मोडलेली होती, त्यामुळे मदत पोचायलाही वेळ लागला. भारताने 'ऑपरेशन ब्रह्मा' नावाने पथकं आणि फिरतं रुग्णालय पाठवलं. याआधीची मोठी आपत्ती म्हणजे मे २००८ चं नर्गिस चक्रीवादळ, त्यात मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ३८ हजार.

देश कशावर जगतो? आपल्याशी व्यापार काय?

भात, कडधान्यं, नैसर्गिक वायू, सागवान, मोगोकचे माणिक, काचिनमधला जेड, तयार कपडे. आणि दुर्दैवाने अफूही. २०२३ मध्ये अफूच्या उत्पादनात म्यानमार अफगाणिस्तानच्या पुढे गेला.

आपल्या स्वयंपाकघराशी थेट संबंध तूर आणि उडदाचा. तिकडे तूर फारशी खात नाहीत, ती पिकते मुख्यतः भारतासाठी. मुंबईच्या बाजारात तिला 'लेमन तूर' म्हणतात आणि तिचा भाव रोज निघतो. २०२१ मध्ये भारताने पाच वर्षांसाठी दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर तिथून आणण्याचा करार केला. लातूर-अकोल्याचा शेतकरी या आवकेवर बारीक नजर ठेवून असतो, कारण बाहेरचा माल उतरला की त्याच्या तुरीचा भाव पडतो. ताटातल्या वरणामागे असं दोन देशांचं गणित असतं.

तिथले लोक खातात काय, नेसतात काय?

सकाळी मोहिंगा, म्हणजे माशाच्या दाटसर रश्शात तांदळाच्या शेवया, त्यात केळीच्या खांबाच्या आतला गाभा आणि गवती चहा. चहाची पानं आंबवून, तेल, लसूण, शेंगदाणे, तीळ घालून खातात ते 'लाफे'. चहा पितात तसा चहा खातात! 'ङपी' म्हणजे आंबवलेल्या मासळीचा गोळा. पहिल्या वासाला नाक मुरडाल, पण सुकट-जवळ्यावर वाढलेल्या कोकणी माणसाला पटकन जमेल. आपल्याकडे हॉटेलात मिळणारं खाउसेही मूळचं तिथलंच, नारळाच्या दुधातलं.

पुरुष आणि बायका दोघंही लोंजी नेसतात, लुंगीसारखी, पुरुष पुढे गाठ मारतात आणि बायका बाजूला खोचतात. गालावर पिवळसर लेप दिसतो तो थनाखा. आपण सहाणेवर चंदन उगाळतो अगदी तसंच, ओल्या दगडावर झाडाची साल गोल गोल उगाळायची, बोटांनी गालावर ओढायची. उन्हापासून गारवा मिळतो. लहान मुलांच्या गालावर पानाची नक्षीही काढतात.

महाराष्ट्राशी आणखी काही संबंध?

दोन फार मोलाचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांना दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी मूळचे आराकानचे.

दुसरा विपश्यनेचा. सत्यनारायण गोएंका मंडालेत जन्मले, व्यापारी घराण्यातले. रंगूनला सयाजी ऊ बा खिन या सरकारी हिशेबखात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे ते ध्यान शिकले आणि १९६९ मध्ये भारतात येऊन शिकवू लागले. इगतपुरीचं धम्मगिरी त्यांचंच. मुंबईत गोराईला २००९ मध्ये उद्घाटन झालेला सोनेरी पॅगोडा श्वेडगोनच्या धर्तीवर बांधलेला आहे.

तिकडे चांगल्या पगाराची नोकरी मिळते असं मित्राला कोणी सांगितलं. जावं का?

नाही. हे अगदी कळकळीने सांगतो. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची किंवा कॉल सेंटरची नोकरी म्हणून तरुणांना बोलावतात आणि सीमेपलीकडे म्यावड्डी भागातल्या बंदिस्त वसाहतींत नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. पासपोर्ट काढून घेतात, नकार दिला तर मारहाण. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने ५०० हून अधिक भारतीयांना विमानाने परत आणलं. समाजमाध्यमावरून आलेला एजंट, मुलाखत न घेता नोकरी, पर्यटक व्हिसावर प्रवास: यातलं एक जरी दिसलं तरी थांबा आणि आधी परराष्ट्र मंत्रालयाकडे चौकशी करा.

प्रकल्पासाठी सुरुवात कुठून करू?

रत्नागिरी जवळ असेल तर थिबा पॅलेसमधलं संग्रहालय आणि मग समाधी. मुंबईत असाल तर गोराईचा पॅगोडा. दोन्ही लांब पडत असेल तर घरात ब्रह्मदेशी सागवानाचा जुना दरवाजा किंवा पलंग आहे का विचारा. आणि किराणा दुकानदाराला विचारा, तुरीच्या पोत्यांत लेमन कुठली आणि लातूरची कुठली. दोन्हीचे चार-चार दाणे आणून वहीत शेजारी शेजारी चिकटवा.